अंगणवाडीचे आकडे आणि कार्यालयाचे गुण

१ मे २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने आपल्याच विभागांचा निकाल जाहीर केला. शंभर दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा मोहिमेत कोणी किती काम केले, याचे गुण त्या दिवशी कळले आणि महिला व बालविकास विभाग ८० टक्के गुणांसह मंत्रालयातील विभागांत पहिला आला. संकेतस्थळ, सुकर जीवनमान, स्वच्छता, तक्रारींचे निवारण, कार्यालयातील सोयीसुविधा, गुंतवणुकीला चालना आणि क्षेत्रीय कार्यालयांना भेटी असे मोहिमेचे सात मुद्दे होते. त्यांना कमी लेखू नये. बालसंगोपन योजनेचा अर्ज घेऊन जिल्ह्याच्या कार्यालयात आलेल्या बाईला बसायला बाक, प्यायला पाणी आणि अर्ज कुठे अडकला याचे उत्तर मिळाले, तर तिच्यापुरते सरकार तेवढे सुधारले.

मात्र या विभागाचे सर्वांत मोठे काम कार्यालयाच्या इमारतीत होत नाही. ते राज्यातल्या सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्यांत होते. ते कसे चालले आहे हे सांगणारी आकड्यांची एक वेगळी यंत्रणा गेली पन्नास वर्षे काम करते आहे. वर्तमानपत्रात तिच्याविषयी फार थोडे येते. कुपोषित बालकांची संख्या छापून येते. ती संख्या कोणी लिहिली, कोणत्या काट्यावर मोजून लिहिली, कोणत्या दडपणाखाली लिहिली, हे कुणी विचारत नाही. विचारायला हवे, कारण याच संख्येवर आहाराचा निधी ठरतो, उपचार केंद्रे उघडतात, अधिकाऱ्यांची पाठ थोपटली जाते किंवा त्यांना नोटीस जाते. या यंत्रणेकडे पाहताना माझे मत एका मुद्द्यावर पक्के होत गेले आहे. मुलावर उपचार व्हावेत म्हणून घेतलेले वजन आणि अधिकाऱ्याला गुण देण्यासाठी वापरलेले वजन एकच असेल, तर उपचारही बिघडतात आणि गुणही खोटे ठरतात.

आधी आकड्याचा प्रवास पाहू. सेविका महिन्यातून एकदा मुलांचे वजन करते, उंची घेते. मूल रडत असते, काट्यावर हात टेकवत असते, आई कामावर जायच्या घाईत असते. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवे झोपवून मोजावी लागते. त्यासाठी एकाने डोके धरायचे आणि दुसऱ्याने गुडघे सरळ करायचे, म्हणजे मदतनीस हजर हवी. हे माप नोंदवहीत जाते. २०१२ मध्ये केंद्राने ही माहितीपद्धत नव्याने बसवली तेव्हा अंगणवाडीसाठी अकरा नोंदवह्या ठरल्या: कुटुंबांची माहिती, आहाराचा साठा, आहाराचे वाटप, पूर्वशालेय शिक्षण, गरोदरपण आणि बाळंतपण, लसीकरण, जीवनसत्त्व अ, गृहभेटी, संदर्भ सेवा, वजने आणि या सगळ्यांचा गोषवारा. कुटुंबांची नोंदवही पहिल्या क्रमांकावर ठेवण्यामागे विचार होता. गावात सहा वर्षांखालची मुले एकूण किती, हेच ठाऊक नसेल तर पुढच्या प्रत्येक टक्केवारीचा पाया कच्चा राहतो.

महिनाअखेरीस सेविका या वह्यांवरून मासिक प्रगती अहवाल भरते. बोलण्यात त्याला सगळे एमपीआरच म्हणतात. पर्यवेक्षिका आपल्या बीटमधल्या वीस-पंचवीस अंगणवाड्यांचे अहवाल गोळा करते, बालविकास प्रकल्प अधिकारी प्रकल्पाची बेरीज करतो, जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागात जिल्ह्याची बेरीज होते आणि राज्यातल्या ५५३ प्रकल्पांचा एकत्रित अहवाल नवी मुंबईत बेलापूरच्या रायगड भवनातल्या आयुक्तालयात तयार होतो. तिथून तो मंत्रालयात आणि दिल्लीला जातो. या वाटेवर पहिल्याच पायरीला मुलाचे नाव गळते. बीटच्या गोषवाऱ्यात 'तीव्र कमी वजनाची मुले: ७' एवढेच उरते. ती सात मुले मागच्या महिन्यातलीच आहेत की ती सुधारून नवी सात आली, याचा त्या आकड्यावरून पत्ता लागत नाही.

वर बसलेला अधिकारी काय पाहतो? नोंदलेल्या मुलांपैकी किती जणांचे वजन झाले, आहार किती दिवस दिला गेला (योजनेत वर्षाला ३०० दिवस अपेक्षित आहेत), तीव्र कुपोषित म्हणजे सॅम आणि मध्यम कुपोषित म्हणजे मॅम बालके किती, बालमृत्यू किती, पर्यवेक्षिकेच्या भेटी किती. आढावा बैठकीत हे तक्ते पडद्यावर येतात आणि तळाचे तालुके लाल रंगात दिसतात. व्हिडिओ कॉन्फरन्सवर त्या तालुक्याच्या प्रकल्प अधिकाऱ्याला उभे करून कारण विचारले जाते. एखादा रकाना रिकामा असला तर तिथे 'निरंक' लिहिले जाते. तपासले आणि कुणी सापडले नाही, तरी निरंक. तपासलेच नाही, तरीही निरंक. ही दोन गावे बेरजेत सारखीच दिसतात. यातला फरक जाणणारी एकमेव व्यक्ती पर्यवेक्षिका असते. ती प्रत्यक्ष जाऊन वजन पुन्हा करू शकते. पण तिची पदे अनेक ठिकाणी रिकामी असतात आणि एका बाईकडे दोन-दोन बीटचा भार असतो. अधिवेशन आले की तारांकित प्रश्नांची उत्तरे, विहित नमुन्यातली तातडीची माहिती, प्रपत्र अ आणि प्रपत्र ब यांतच तिचा दिवस जातो. देखरेखीची यंत्रणा माहिती गोळा करण्यातच दमते आणि देखरेख राहून जाते.

महाराष्ट्राला या आकड्यांनी पूर्वीही मोठे धडे दिले आहेत. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा मेळघाटातल्या धारणीचा समावेश त्यात होता. त्याच मेळघाटातले बालमृत्यू १९९३ मध्ये देशभर गाजले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. योजना सर्वांत आधी जिथे पोचली, तिथल्याच मृत्यूंची दखल घ्यायला न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. तेव्हाही आरोग्य खात्याची नोंद, अंगणवाडीची नोंद आणि ग्रामपंचायतीची जन्ममृत्यूची नोंद यांचा मेळ बसत नव्हता. मृत्यूचे कारण म्हणून न्यूमोनिया किंवा जुलाब लिहिले गेले, की ते मूल कुपोषणाच्या हिशेबातून बाहेर पडे. वैद्यकीयदृष्ट्या ती नोंद खोटी नसेलही. मात्र ज्या मुलाच्या अंगात आजाराशी झुंजायची ताकद नव्हती, त्याची ती अर्धीच गोष्ट होती.

२००१ मध्ये गडचिरोलीच्या 'सर्च'सह तेरा स्वयंसेवी संस्थांनी 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. त्यांनी गावोगाव घराघरांत जाऊन बालमृत्यू मोजले होते आणि सरकारी नोंदींपेक्षा ते कितीतरी जास्त निघाले. २००३ च्या अखेरीस शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. तिनेही बालमृत्यू आणि तीव्र कुपोषण ही दोन्ही सरकारी अहवालांत फार कमी दिसतात, हेच सांगितले. ज्या शासनाच्या आकड्यांवर आक्षेप होता त्यानेच समिती नेमली आणि समितीने तो आक्षेप खरा ठरवला, याला मी या राज्याच्या प्रशासनातली मोठी गोष्ट मानतो. अशी पारदर्शकता पुढे नेहमीची सवय व्हायला हवी होती.

काही काळ ती झालीही. औरंगाबादचे तत्कालीन विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात कुपोषणाविरुद्ध जे काम उभे केले, त्यातून २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले आणि रमणी त्याचे पहिले महासंचालक झाले. त्या काळी कुपोषणाच्या चार श्रेणी होत्या; तिसरी आणि चौथी श्रेणी तीव्र. मिशनने भर दिला तो सगळ्या मुलांचे वजन करण्यावर आणि तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतले मूल न लपवता दाखवण्यावर. असे केले की सुरुवातीला आकडा वाढतोच. ज्या तालुक्यात आकडा वाढला तिथे काम सुरू झाले, असा त्याचा अर्थ घ्यावा लागतो. हा अर्थ घेण्याइतका धीर वरच्या अधिकाऱ्याकडे असेल, तरच खालची सेविका खरे लिहिते. त्यासाठी वेगळ्या पैशाची गरज नसते, वरून एक आश्वासन पुरते. आणि आश्वासन देणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झाली की तेही जाते, हा त्यातला दुबळेपणा.

मापाची पट्टी बदलली की आकडा कसा हलतो, हेही आपण पाहिले आहे. २००८ मध्ये चार श्रेणींची जुनी पद्धत सोडून जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे निकष स्वीकारले गेले. तीच मुले, तीच वजने. पण नव्या पट्टीने तीव्र कमी वजनाची मुले जुन्या तिसऱ्या-चौथ्या श्रेणीपेक्षा जास्त दिसू लागली आणि एकूण कमी वजनाची संख्या आधीपेक्षा कमी. त्यामुळे त्या वर्षांच्या आधीची आणि नंतरची सरकारी आकडेवारी शेजारी ठेवून प्रगती किंवा अधोगती सांगणाऱ्या कोणत्याही भाषणावर विसंबू नये. पुढे तीव्रतेची व्याख्याही बदलत गेली. वयानुसार वजन, उंचीनुसार वजन आणि वयानुसार उंची ही तीन वेगळी मापे आहेत. पहिल्याने कमी वजन कळते, दुसऱ्याने लुकडेपण म्हणजे सॅम-मॅम, तिसऱ्याने खुजेपण. बैठकीत आणि बातमीत या तिघांना सर्रास 'कुपोषण' म्हटले जाते, आणि सोयीचा तो आकडा पुढे केला जातो.

२०१८ नंतरचा काळ मोबाइलचा. ८ मार्च २०१८ रोजी राजस्थानातल्या झुंझुनूमध्ये पोषण अभियान सुरू झाले. अंगणवाडीच्या वह्यांची जागा आधी 'कॅस' या प्रणालीने घेतली आणि ती बंद पडल्यावर मार्च २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर'ने. महाराष्ट्रात या बदलाची सुरुवात कडू झाली. सेविकांना दिलेले फोन कमी क्षमतेचे होते, ॲप त्यांत नीट चालत नव्हते, गरम होऊन बंद पडत होते. ॲपची भाषा इंग्रजी होती. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन कार्यालयात परत केले आणि मराठीतल्या ॲपसाठी प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातही गेला. ज्या बाईने वीस-पंचवीस वर्षे मराठीत, सुवाच्य अक्षरात अकरा वह्या भरल्या, तिला एका रात्रीत परक्या भाषेत मुलाचे नाव टाइप करायला सांगणे अन्यायाचे होते. चूक आकडेवारीच्या दृष्टीनेही मोठी होती, कारण जिला रकान्याचा अर्थ कळत नाही ती रकाना भरते खरी, पण माहिती देत नाही.

तरीही मी वह्यांकडे परत जा असे म्हणणार नाही. ट्रॅकरने एक जुना दोष दूर केला: मुलाचे नाव आता गळत नाही. बेरीज यंत्र करते आणि नोंद एकेका बालकाची राहते. त्यामुळे एका मुलाचे वजन तीन महिने का वाढले नाही हे निदान पाहता येते. आणि आपल्या राज्यासाठी याहून महत्त्वाचे म्हणजे स्थलांतर. दिवाळीनंतर बीड, जालना भागांतली हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात, नंदुरबार आणि पालघरमधली वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. वह्यांच्या काळात अशी मुले गावच्या वहीत 'गैरहजर' आणि फडावरच्या गावात अनोळखी असत. दोन्हीकडच्या टक्केवारीत ती कुठेच नसत. राज्याने 'महा एमटीएस' ही स्थलांतरितांचा मागोवा घेणारी प्रणाली आणली आणि ट्रॅकरमध्येही लाभार्थी एका अंगणवाडीतून दुसरीकडे वर्ग करण्याची सोय आहे. ती नीट वापरली गेली, तर एखाद्या कोयत्यावरच्या जोडप्याचे मूल कारखान्याच्या तळावरही अंगणवाडीच्या नोंदीत राहील. ही सोय कितीदा वापरली गेली, हा जिल्ह्याच्या कामाचा उत्तम निकष आहे. आढावा बैठकीत तो पहिल्या पानावर यायला हवा.

आता या आढाव्यातला सर्वांत अवघड प्रश्न. पोषण ट्रॅकरच्या जून २०२४ च्या माहितीनुसार देशात सहा वर्षांखालच्या सुमारे ८.५७ कोटी मुलांची मापे घेतली गेली. त्यांत खुजी मुले ३५ टक्के, कमी वजनाची १७ टक्के, आणि पाच वर्षांखालच्या मुलांत लुकडी मुले ५ टक्के असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. त्याच देशाचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पाचवी फेरी, २०१९-२१, पाच वर्षांखालची मुले: खुजी ३५.५ टक्के, कमी वजनाची ३२.१ टक्के, लुकडी १९.३ टक्के. खुजेपणाचे दोन्ही आकडे जवळजवळ एक आहेत. कमी वजन निम्म्यावर आले आहे आणि लुकडेपण चौथ्या हिश्श्यावर.

तीन ते पाच वर्षांत असा चमत्कार झाला असता तर जगभरचे तज्ज्ञ तो अभ्यासायला इथे आले असते. काही फरक पद्धतीतून येतो, हे मान्य करायला हवे. सर्वेक्षण नमुन्यावर चालते आणि घरोघरी जाते; ट्रॅकर अंगणवाडीत नोंद असलेल्या, मापासाठी आलेल्या मुलांचा असतो. ट्रॅकरमध्ये सहा वर्षांपर्यंतची मुले आहेत. सर्वेक्षणाची पाचवी फेरी कोविडच्या काळात पार पडली. ऋतूही वेगळा. पण या कारणांनी तिन्ही आकडे थोडेथोडे हलायला हवे होते. एक जागच्या जागी राहावा आणि दुसरा चौथ्या हिश्श्यावर यावा, हे त्यांतून उलगडत नाही.

माझ्या मते उत्तराचा मोठा भाग त्या आकड्याच्या परिणामांत आहे. मूल खुजे आहे असे लिहिल्याने उद्या काहीच घडत नाही. ना फोन येतो, ना पत्र. मूल सॅम आहे असे लिहिले, की त्याला ग्राम बालविकास केंद्रात दाखल करायचे, दिवसातून अनेकदा खास आहार द्यायचा, वजन वारंवार घ्यायचे, आरोग्य खात्याला कळवायचे, गरज पडली तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचे. आईचा रोज बुडणार, घरची दुसरी मुले कोण पाहणार, म्हणून घरचे नको म्हणणार. केंद्राचा निधी उशिरा येणार. आणि त्यात वरून विचारणा होणार की तुमच्याच बीटमध्ये इतकी सॅम का. उंची एक-दीड सेंटिमीटर कमी लिहिली किंवा वजनात दोनशे ग्रॅम वाढवले की हे सगळे टळते. मूल सॅममधून मॅममध्ये, मॅममधून साधारणमध्ये जाते. प्रत्येक सेविका असे करते असा माझा आरोप नाही. बहुतेक जणी प्रामाणिकपणे मोजतात. पण खरे लिहिल्याची किंमत ज्या रकान्यात जास्त, नेमक्या त्याच रकान्यांत ट्रॅकर आणि सर्वेक्षण यांची फारकत आहे. हा योगायोग मानायला माझे मन तयार नाही.

योजना सुरू झाली त्याच वर्षी, १९७५ मध्ये, चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने चलनविषयक धोरणाबाबत एक निरीक्षण मांडले होते: नियंत्रणासाठी एखाद्या आकड्यावर दाब आणला की त्या आकड्याचे पूर्वीचे वागणे मोडते. पुढे शाळा, पोलीस, रुग्णालये अशा सगळ्या क्षेत्रांत ते खरे ठरले. आपल्याकडे हा दाब वाढतोच आहे. २०१८ मध्ये ॲपच्या वापरासाठी सेविकेला महिना ५०० आणि मदतनिसाला २५० रुपयांपर्यंत प्रोत्साहन भत्ता जाहीर झाला. म्हणजे नोंद भरणे हेच पगाराशी जोडले गेले. सप्टेंबरच्या पोषण माहात झालेल्या कार्यक्रमांची छायाचित्रे आणि संख्या वेगळ्या डॅशबोर्डवर चढवायची असतात. जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना आईच्या चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. पाकीट खऱ्या लाभार्थ्याच्या हातात गेले का, याची खात्री त्यातून होते आणि चोरी रोखण्यासाठी ती हवीच. पण अक्कलकुवा किंवा भामरागडच्या पाड्यावर रेंज येत नसेल तर पडताळणी होत नाही, आणि पडताळणी झाली तरी पाकिटातला आहार मूलच खाते का, हा प्रश्न तसाच राहतो.

यात सेविकेच्या वेळेचा हिशेब कुणी ठेवत नाही. २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरायचे काम तिच्याकडे आले, एका अर्जामागे ५० रुपये. नंतर अपात्र लाभार्थ्यांच्या घरोघरच्या पडताळणीचे कामही तिच्याकडेच आले. निवडणूक आणि इतर सर्वेक्षणे आहेतच. डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये मानधन, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटीसाठी राज्यातल्या सेविका आणि मदतनीस पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. तेवढ्या काळातली वजने झालीच नाहीत. राज्याच्या बालपोषणाची सगळी आकडेवारी ज्या मानधनावरच्या बायकांच्या हातावर उभी आहे, त्यांचा दिवस किती तासांचा आहे आणि त्यातले किती तास मुलासाठी उरतात, हा रकाना कोणत्याही प्रपत्रात नाही. तो असायला हवा.

मग देखरेख करायची कशी? उत्तर महाराष्ट्राला बाहेरून आणायचे कारण नाही. पुण्याच्या गोखले संस्थेने १९३० पासून धनंजयराव गाडगीळ आणि पुढे वि. म. दांडेकर यांच्या काळात नमुना पाहणीची शिस्त या राज्यात रुजवली. राष्ट्रीय नमुना पाहणीची घडी बसवणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा आग्रह होता की एकाच क्षेत्राची माहिती दोन स्वतंत्र गटांनी घ्यावी आणि दोघांतली तफावत उघडपणे मोजावी. आजही या पाहण्यांत केंद्राच्या नमुन्याबरोबर राज्याचा स्वतंत्र नमुना असतो आणि महाराष्ट्रात ते काम अर्थ व सांख्यिकी संचालनालय करते. या संचालनालयाची कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. दर तिमाहीला प्रत्येक प्रकल्पातल्या चिठ्ठीने निवडलेल्या काही अंगणवाड्यांत, दुसऱ्या तालुक्यातल्या माणसांनी, तपासलेल्या काट्याने, त्याच मुलांचे माप पुन्हा घ्यावे. त्यासाठी नवे खाते लागत नाही. लागतो थोडा प्रवासभत्ता, काही प्रशिक्षित हात आणि तफावत छापण्याची तयारी.

या फेरमोजणीनंतर प्रकल्प अधिकाऱ्याला गुण द्यायचे ते तफावत किती कमी यावर. त्याच्या तालुक्यात कुपोषण किती, यावर नव्हे. कुपोषण किती हे पावसावर, मजुरीवर, पाण्यावर, आईच्या वयावर आणि दोन बाळंतपणांतल्या अंतरावर अवलंबून असते. यातले फार थोडे प्रकल्प अधिकाऱ्याच्या हातात आहे. त्याच्या हातात काय आहे? गावातल्या प्रत्येक मुलाचे माप झाले का, सॅम मूल सापडल्यापासून किती दिवसांत उपचार सुरू झाले, आहार किती दिवस खंडला, किती काटे बिघडलेले आहेत आणि किती दिवस, स्थलांतरित मुलांपैकी किती जणांची नोंद पुढच्या गावी पोचली, रिक्त पदांबाबत त्याने वर काय कळवले. असे निकष लावले, तर जास्त सॅम मुले शोधणारी सेविका संकटात पडणार नाही, तिचे कौतुक होईल. आयुक्तालयाची बैठकही मग कारणे विचारण्याची जागा न राहता अडचणी सोडवण्याची जागा होऊ शकते.

दर पाच-सहा वर्षांनी येणाऱ्या राष्ट्रीय सर्वेक्षणावर मात्र हे काम ढकलता येणार नाही. ते जिल्ह्यापर्यंतच पोचते. तालुका आणि बीट त्यात दिसत नाहीत. आणि पाच वर्षांत एक मूल अंगणवाडीतून बाहेर पडून शाळेत जाते. शिवाय सर्वेक्षणे आपसांतही झुलवतात. २०१२ च्या महाराष्ट्र पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालच्या मुलांतले खुजेपण ३९ टक्क्यांवरून सुमारे २४ टक्क्यांवर आल्याचे दिसले आणि राज्याचे नाव जगात झाले. त्यानंतर २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांत ते ३४.४ टक्के होते आणि २०१९-२१ मध्ये ३५.२. वयोगट वेगळे असल्याने ही सरळ तुलना नाही, पण राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या या दोन फेऱ्यांतली तुलना सरळ आहे आणि ती सुधारणा दाखवत नाही. राज्यातले लुकडेपण दोन्ही फेऱ्यांत २५.६ टक्केच राहिले आणि तीव्र लुकडेपण ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेले. देशाच्या सरासरीहून लुकडेपणाचे हे आकडे वाईट आहेत. संपन्न म्हणवणाऱ्या राज्याला शरम वाटावी असे ते आहेत, आणि मासिक अहवालांतून ही शरम आपल्यापर्यंत पोचत नाही.

एक मागणी आणखी आहे आणि ती पैशाची नाही. ही माहिती खाली परत यावी. सेविका महिनाभर भरते ते वर जाते. तिला मिळते ते बहुतेक वेळा उशीर झाल्याचे स्मरणपत्र. तिच्याच अंगणवाडीतल्या कोणत्या मुलांचे वजन तीन महिने थांबले आहे, याची एका पानाची यादी तिला, आशाताईला आणि सरपंचांना महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिळावी. फेरमोजणीतली तालुकावार तफावत आयुक्तालयाने संकेतस्थळावर ठेवावी आणि मुलांची नावे झाकून बाकी आकडे ग्रामसभेत वाचावेत. शंभर दिवसांच्या मोहिमेत संकेतस्थळ हा पहिला मुद्दा होताच.

वाचकांना एवढेच सांगायचे आहे. तुमच्या गावात किंवा वस्तीत अंगणवाडी असेल, तर पुढच्या ग्रामसभेत किंवा प्रभाग समितीत तीन गोष्टी विचारा: काटा शेवटचा कधी तपासला, गेल्या महिन्यात किती मुलांचे माप राहिले, आणि सॅम सापडलेल्या मुलांपैकी कितींवर उपचार सुरू आहेत. सेविकेला नका विचारू, तिच्या बाजूने उभे राहून प्रकल्प अधिकाऱ्याला विचारा. आणि ज्या जिल्ह्यात सॅम मुले अचानक कमी झाली, त्या जिल्ह्याचा सत्कार करण्याआधी शासनाने त्यांतली शंभर मुले पुन्हा मोजावीत.